बस्त्यावचं इंग्रजी

आमच्या खारकर आळीत अजून म्हणतात,
"पाठ भिंतीला, नजर दाराला."
पंगतीत जागा धरताना म्हणतात,
सोसायटीच्या मीटिंगला म्हणतात,
मेव्हणा तर मुलगी बघायला गेला तेव्हाही म्हणाला.
कुठून आलं विचारा, तर घोड्यांच्या पिक्चरमधून.
कुठल्या?
ते कुणाला ठाऊक नाही.

मला आहे.

रविवारी साडेनऊचा खेळ, जांभळी नाक्यामागचं थेटर,
आता तिथे परकरांचं होलसेल दुकान आहे.
पडद्यावर धूळ, धुळीत घोडे, आणि गावात एक सलून.
आत गेलेला एकही माणूस दाढी करून बाहेर येत नसे
याचं आम्हाला फार नवल.

डोअरकीपर बस्त्याव परेरा, चर्चच्या शाळेत पाचवीपर्यंत.
बॅटरी विझवून आमच्या रांगेच्या टोकाला टेकायचा
आणि कुजबुजत सगळं मराठीत सांगायचा,
डोक्यामागे चार शेंगदाणे घेऊन.
"काय बोलला?"
"बोलला, घोडा दे उधार, पण लगाम नको देऊ."
सोमवारी ते शाळेत पोचायचं.
दिवाळीपर्यंत पोस्टातले कारकून म्हणायचे,
आमच्यात हे पूर्वीपासूनच म्हणतात.

परवा लेकीने लॅपटॉपवर तोच पिक्चर लावून दिला,
खाली अक्षरं उमटणारा.
वही घेऊन बसलो.
भिंतीला टेकलेला तो म्हातारा,
ज्याच्या नावावर आळीने ती पाठ आणि ती नजर जपली,
एवढंच म्हणतो: घेवडा गार झालाय.
लगामवाला तर बोलतच नाही.
थुंकतो नुसता.

हसलो. वही मिटणार होतो,
पण शेवट राहिला होता.
जाणारा निघतो, कोणाला काही न सांगता,
आणि तेव्हा बस्त्याव बोलला होता,
नेहमीसारखं कुजबुजून नाही, मागच्या रांगा वळल्या इतक्या मोठ्याने:
"जाणाऱ्यानं दार लोटावं, कडी लावू नये."
आमच्याकडे हे दुबईला निघालेल्या पोराला म्हणतात,
भांडून खोली सोडणाऱ्या भाडेकरूला म्हणतात,
तिरडी उचलताना कुणीतरी हळूच म्हणतं.

मी आवाज वाढवला.
अक्षरं आली नाहीत.
वारा होता. सलूनची ती कमरेएवढी दोन फळ्यांची दारं
पुढे मागे, पुढे मागे.
कडी नव्हतीच त्यांना.

बस्त्यावचा थोरला भाऊ बोटीवर गेला होता,
त्याचं पत्र येत नाही एवढं आम्हाला माहीत होतं.
आणि हेही, की खेळ सुटल्यावर
बाकीची चार दारं तो खटाखट लावायचा,
तलावाकडचं तेवढं एक लोटून ठेवायचा.

मॅनेजर रोज ओरडायचा.