पातळी

पन्नास लिटरला पावणेदोन किलो मीठ.
बाबांनी पिशवी हातात तोलून पाहिली.
"हे खाचं नोहे?"
"नाही."
"मंग एवढं महाग काहून वं?"

पस्तीस वर्षं गोरेवाड्याच्या लाईनवर
व्हॉल्व्ह फिरवले त्यांनी.
पहाटे चारला सायकल, खांद्यावर ती लांब चावी.
कुठल्या गल्लीला किती आट्यांवर पाणी चढतं
हे अजून मनगटात आहे,
भाजी चिरतानाही ते मध्येच वळतं.
"लोकायनं गोड्या पाण्यापायी डोकी फोडली," म्हणाले,
"अन् तू त्याच्यात मीठ टाकून राह्यली."

मी बादलीत पंप सोडला.
पाणी आधी ताकासारखं झालं,
मग रात्रीतून निवळलं.

माझी बावीस वर्षं धंतोलीच्या लॅबमध्ये गेली,
दुसऱ्यांच्या बाटल्या उजेडाला धरण्यात.
रिफ्रॅक्टोमीटर हातचाच:
काचेवर थेंब, वरून झाकण, मग डोळा.
एक पूर्णांक शून्य पंचवीस.
पाणी कमी पिणाऱ्या माणसाची सकाळची लघवी
आणि समुद्र
एकाच रेघेपाशी येऊन थांबतात.
हे बाबांना सांगितलं तर इतके हसले
की ठसका लागला, पाठ चोळावी लागली.

दगड आले ते डोंबिवलीच्या कुणाच्या तरी
मोडलेल्या टाकीतले,
ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, ओल्या पेपरात गुंडाळून.
पुडकं सोडलं तशी मानेवाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत
भिजलेल्या दोरखंडाचा वास.
निनावे काकू नाकाला पदर लावूनच आत आल्या.
"मासे कुठायत?"
"अजून नाहीत."
"मग हे काय, दगड पाळले?"

जरीपटक्याच्या मोटवानीनं बजावलं होतंच,
गप्पी घ्या, मोली घ्या,
समुद्राला नागपूरचा मे मानवत नाही.

सहा आठवडे मी नुसते रंग वाचले.
अमोनियाचा हिरवा चढला, उतरला.
मग नायट्राइटचा जांभळा,
वांग्यासारखा, हटूनच बसलेला.
नळीमागून नळी, पेशंटचं नाव नाही,
रिपोर्टवर सही करणारं कुणी नाही,
आणि काचेमागे काहीच हलत नाही.

मे आला. पंचेचाळीस, मग शेहेचाळीस.
कूलरचं तोंड टाकीकडे, आम्ही दोघं घामात.
रोज बोटभर पाणी उडायचं
आणि काचेच्या कडेला लोणा धरायचा.
बाबांना समजावलं, उडतं ते नुसतं पाणी,
मीठ मागेच राहतं,
म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याचीच.
बराच वेळ ते काचेकडे पाहत राहिले.
"म्हंजे गोडं पाणी लागतेच."

दुसऱ्या दिवशी काचेला बाहेरून एक चिकटपट्टी,
बाजूला दोरी बांधलेली वही.
तारीख, वेळ, पातळी, किती तांबे घातले.
तलावाच्या नोंदी ठेवत तसेच उभे आकडे,
खाडाखोड नाही.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

परवा रात्री डीपी उडाली, अख्खी लाईन अंधारात.
मी रात्रपाळीला. फोन केला, तर म्हणाले,
"मी पाहतो. तू रगत तपास."

सकाळी आले तर बाबा खुर्चीतच झोपलेले,
टॉर्च मांडीवर, उजवी बाही कोपरापर्यंत ओली,
तांब्यावर मिठाचा पांढरा काठ.
रात्रभर टाकीतलं पाणी काढून
उंचावरून परत टाकीतच ओतलेलं.
पंप गुरगुरत होता. वही उघडी होती.

"रा. १.२० ते ४.१०, पुरवठा हाताने.
४.१० लाईट आली. पातळी बरोबर.
दगडाच्या फटीतून एक जण बाहेर आला होता,
पाच पाय, धाग्याएवढे.
कुठल्या गल्लीचा, माहीत नाही."