काकवी

पहिला डाग दिसला तो पांढऱ्या एप्रनखाली.
खेकड्याचा असेल, म्हटलं.
खेकड्याचं रक्त लाल नसतं
हे तीस वर्षं फॅक्टरीत खेकडे फोडलेल्या बाईला
कुणी सांगायला नको होतं.
पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली.
सात महिने मी तो डाग
थंड पाण्यात, मीठ टाकून,
अँब्रोज झोपल्यावर धुतला.

मग सेंट जॉन्स. न्यूफाउंडलंडच्या आमच्या टोकापासून
पाच तास गाडी, वाटेत दोन मूस, बाकी धुकं.
पोटावर चार बारीक भोकं पाडून
त्यांनी पिशवी काढून नेली,
माझी पाचही पोरं जिच्यात लाथा मारायला शिकली ती.
"पहिलीच स्टेज," डॉक्टर ट्रास्क म्हणाली,
"कुठे पसरला नव्हता."
अँब्रोजनं टोपी काढली, घातली,
पुन्हा काढली.

उठायला लागलो तर म्हणाली, बसा.
साखर, रक्तदाब, कमरेचा घेर, यकृतावरची चरबी.
माझ्या वाणसामानाची यादी
कुणी भर दुकानात मोठ्यानं वाचावी तसं झालं.
मग तिनं कागदावर दोन रेघा काढल्या,
एकाच जागेवरून निघालेल्या.
थोडं पुढे जाऊन एक खाली कलते.
"या सगळ्या बायकांचा कॅन्सर तुमच्यासारखाच होता. लवकर सापडलेला.
या खालच्या रेघेतल्या बऱ्याच जणींना
कॅन्सरनं नाही नेलं. हृदयानं नेलं."

राग आला, खरं सांगते.
आजवर माझ्या कानदुखीलासुद्धा
डॉक्टरांनी वजनच कारण दिलेलं.
पण ही तोंडाकडे बघून बोलत होती, पोटाकडे नाही.
चरबी नुसती बसून नसते, म्हणाली, ती कामाला असते.
पाळी थांबली तरी आतल्या अस्तराला
वाढ गं, वाढ गं, म्हणत राहते
रात्रपाळीत.
रात्रपाळी मला कळते.

परतताना, गँडर मागे पडल्यावर, अँब्रोज म्हणाला,
"कुजकी फळी काढली ते बरं झालं.
पण तळात पाणी साचतंच आहे ना?"
चाळीस वर्षांत माझ्या अंगाबद्दल
तो याहून जास्त कधी बोललेला नाही.

जेनेव्हीव्ह माझ्याच टेबलावर उभी असायची.
तिचं ऑपरेशन माझ्यानंतर अकरा दिवसांनी,
तीच डॉक्टर, तीच स्टेज, तीच चार भोकं.
"मी मोकळी!" फोनवर हसली,
आणि त्या कागदाची घडी करून
पर्समध्ये ठेवली, ती तशीच राहिली.
तिसऱ्या हिवाळ्यात दारातला बर्फ ओढताना
फावड्यासकट खाली बसली.
चर्चच्या तळघरात सगळे म्हणत होते,
शेवटी कॅन्सरनं गाठलंच तिला.
माझ्या हातात मनुकांच्या केकची ताटली.
मी काही बोलले नाही.
केकही खाल्ला. दोन तुकडे.

आता काकवीची बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर,
जिथे पोचायला मला स्टूल लागतं
आणि स्टुलावर चढायला अँब्रोज.
रविवारी एक चमचा, तव्यावरच्या पावावर.
तो चमचा मी चाटते. अगदी मागूनसुद्धा.
खारवलेलं मांस रात्रभर भिजवते, पाणी दोनदा ओतून देते,
तरी थोरला म्हणतो, आई, चव कुठे गेली?
दीपगृहापर्यंत चालत जाते.
धुकं असलं तर अर्ध्यापर्यंत,
आणि धुकं असतंच.

सकाळी सुई टोचायची.
बोटांना तीस वर्षांचे घट्टे, ती आत जाईना.
करंगळीच्या कडेला एक मऊ जागा सापडली,
खेकड्यांच्या नजरेतून सुटलेली.
ज्या थेंबाला सात महिने लपवलं
त्याला आता मीच रोज बाहेर बोलावते,
दाबून दाबून.

आज सात पूर्णांक दोन.
अँब्रोजला ओरडून सांगितलं.
तो जाळ्यावरची मान वर न करता म्हणाला,
वारा ईशान्येचा आहे, टोपी घाल.