चार पायऱ्या

फुटपाथवरून चार पायऱ्या वर जातात
आणि संपतात.
पुढे उंबरा नाही, दार नाही,
कमरेएवढं गवत, आणि गवतात
एक सोफा, उताणा पडलेला.

सेंट लुईसच्या उत्तरेला अशा पायऱ्या पुष्कळ.
आधी माणसं गेली, मग तांब्याचे पाइप,
मग रात्रीतून ट्रक लावून विटा.
इथली वीट खणखणीत भाजलेली;
कुठल्याशा दूरच्या गावात
ती कुणाच्या बागेची भिंत झाली म्हणतात.
उरलंसुरलं पालिकेनं तळघरात लोटलं,
वर हातभर माती ओढली
आणि वहीत एक नंबर लिहून ठेवला.

मी समोरच राहतो. एकोणीस वर्षं.
पडदा ओढून.

व्हर्लीन टिब्ज दारोदार फिरून एवढंच म्हणाली :
शनिवारी, आठ वाजता.
तिनं बावीस जोड हातमोजे आणले होते.
आलो सहाजण.
त्यातला सहावा ओझेल,
तो नुसती खुर्ची घेऊन आला
आणि आमचं काय काय चुकतंय ते सांगत बसला.

टायर निघाले एकोणचाळीस.
कचरागाडीवाला म्हणाला, एका घरामागे चारच नेतो, नियम आहे.
मग काय, अंधार पडल्यावर
नऊ घरांपुढे चार-चार मांडले,
दहाव्यापुढे तीन.
सकाळी तो गाडीतून उतरला,
रस्त्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं,
आणि एक अक्षर न बोलता भरायला लागला.

माती तपासायला पाठवली.
उत्तर आलं : शिसं.
जुन्या खिडक्यांचा रंग, जुन्या गाड्यांचा धूर,
सगळं तिथंच मुरलेलं.
इथे पिकलेलं खाऊ नका,
पोरांना बोटं तोंडात घालू देऊ नका.
म्हणजे लाकडी वाफे बांधायचे, माती विकत आणायची
आणि ती मातीवर टाकायची.
ओझेल इतका हसला
की खुर्चीचा एक पाय रुतला.

पहिला वाफा पायऱ्यांच्या आड येत होता.
चर्चकडून फोडायचा हातोडा मागून आणला,
पण तेवढ्यात थंडी पडली, आणि तो माझ्या गॅरेजमध्येच राहिला.

मार्चमध्ये जमिनीतून हिरवी टोकं वर आली.
अस्ताव्यस्त नाही, सरळ रांगेत,
कोपऱ्यावर काटकोनात वळून पुन्हा सरळ.
पंधरवड्यात पिवळीधमक डॅफोडिल्स उभी राहिली
नसलेल्या घराच्या चारी बाजूंनी.
आमच्यापैकी कुणीच लावली नव्हती.

एका रविवारी इलिनॉयच्या नंबरप्लेटची गाडी थांबली.
म्हातारा उतरला, अंगावर चांगला कोट.
लेम्युएल हारग्रोव्ह, असं नाव सांगितलं, पुढे काही नाही.
फुलांकडे त्यानं पाहिलंच नाही.
काठी टेकत पायऱ्या चढला,
पुन्हा उतरला, पुन्हा चढला.
म्हणाला, पाच होत्या.
पाचवीवर आम्हाला बसायची बंदी होती,
ती आईची. संध्याकाळी घेवडा सोलायची तिथे.
मग घड्याळात बघितलं
आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी बाराजण आलो. मी फावडं घेऊन.
हातभर खाली पाचवी होती,
मधोमध तडकलेली.
व्हर्लीननं ती बादलीभर पाण्यानं धुतली.
हातोडा मी चर्चला परत दिला.

आता ओझेल खुर्ची घरी ठेवून येतो.
पाचवीवर बसतो आणि कुरकुरतो, सावली नाही.

म्हणून रेडबडचं रोप आणलं.
पालिकेचा करार एक वर्षाचा :
भाडं एक डॉलर, जागा केव्हाही परत घेऊ.
रोपाच्या चिठ्ठीवर लिहिलंय,
फूल धरायला चार वर्षं.
व्हर्लीननं चष्मा लावून दोन्ही कागद वाचले,
घडी करून खिशात ठेवले
आणि खड्डा घ्यायला लागली.

अगं, जरा डावीकडे, ओझेल म्हणाला.