शेंडीचा हिशेब

लेक परीक्षेत अडकलेली, म्हणून तिची घरमालकीण
लामाराबाई मला तिच्या गावी घेऊन गेली,
तेलावीच्या पुढं, द्राक्षांच्या मांडवाखाली.
जॉर्जियन भाषेतले दोनच शब्द मला येत होते,
'गाउमार्जोस' आणि 'मादलोबा'.
पहिल्यानं पेला रिकामा होतो,
दुसऱ्यानं पुन्हा भरतो.
'पुरे' हा शब्द लेकीनं शिकवला नव्हता.
तिथं तो नसावाच, असं आता वाटतं.

टेबलावर जागा नव्हती, तरी ताटं येत होती,
ताटांवर ताटं, दुमजली, मग तिमजली.
वांग्यात अक्रोड, पालकात अक्रोड, कोंबडीवर अक्रोड,
जाता जाता कुणी माझ्या खिशातही ओंजळभर घातले.
दारू जमिनीत पुरलेल्या रांजणातली.
आमच्याकडं पुरून ठेवतात ते गुप्तधन,
इथं सगळ्या गावाला ठावठिकाणा माहीत.

आणि मग आली खिंकाली.
मी खुर्चीतून अर्धा उठलोच.
उकडीचे मोदक!
पांढरे, वाफाळलेले, कळीदार, वर नीट वळलेली शेंडी.
कळ्या मोजल्या. एकोणीस.
खोबऱ्याच्या जागी फक्त मेंढी.

बाप्पाची मनातल्या मनात माफी मागून
पहिला घास घेतला.
आतला रस्सा कोपरापर्यंत गेला,
तिथून बाहीत, बाहीतून काखेत.
शेजारचा म्हातारा वाझा हसला नाही.
त्यानं एक शेंडीला धरून उलटी केली,
बारीक भोक पाडलं, डोळे मिटून सुर्रकन ओढलं,
बाकीची तोंडात टाकली
आणि शेंडी ठेवली ताटाच्या कडेला.

मला वाटलं, वय झालंय, दात राहिले नसतील.
मी शेंडीसकट खाल्ली.
पानात टाकायचं नाही, हे आमच्यात
बोलायला यायच्या आधी शिकवतात.

नुगझार उभा राहिला.
पंगतीचा तमादा तो, म्हणजे
कुणी कधी, कशासाठी प्यायचं हे ठरवणारा.
पहिला पेला शांततेसाठी,
दुसरा द्राक्षांसाठी,
तिसरा गेलेल्यांसाठी.
सगळे गप्प झाले. झाडावरचा पक्षीसुद्धा.
मला आठवला बाबू केळसकर,
माझे साडेचारशे रुपये बुडवून गेलेला.
पेला संपेपर्यंत माफ केले.

मग नुगझारनं माझ्या ताटाकडं पाहिलं
आणि त्याचा चेहरा पडला.
स्वच्छ ताट! एकही शेंडी नाही!
इथं शेंडी म्हणजे पावती,
जितक्या शेंड्या, तितकं जेवण.
पाहुणा सकाळपासून उपाशी!
पाच वाढल्या.
त्या खाल्ल्या, शेंडीसकट, संस्कार म्हणून.
ताट पुन्हा लख्ख.
नुगझारचे डोळे भरून आले. आणखी पाच.

मी 'नको नको' म्हणालो,
तसं आमच्याकडं म्हणतात, म्हणजे थोडं वाढा.
तेवढं मात्र त्याला बरोबर कळलं.

लामाराबाई समोरून सगळं बघत होती.
नुगझार आयांसाठी पेला उंचावून बोलू लागला,
सगळ्यांच्या माना वर,
तेव्हा तिचा हात टेबलाच्या कडेनं सरकत आला
आणि तिच्या ताटातल्या शेंड्या
एकेक करून माझ्या ताटात.
सात.
भाषण लांबलं, तशी वाझाच्या ताटातलीही एक.

नुगझारनं मोजल्या. बोटानं, मोठ्यानं. आठ!
मला उचलून मिठी मारली,
बरगड्या अजून दुखतात.
मग त्याची नजर गेली लामाराच्या ताटाकडं.
स्वच्छ ताट.
"लामारा! तू काहीच खाल्लं नाहीस?"

सहा वाढल्या.
ती काही बोलली नाही.
माझ्याकडं बघत, सावकाश,
एकामागून एक खाल्ल्या तिनं,
शेंडीसकट.

आपण दोघांनी त्याला शेंडी लावली, बाई,
हे तिला सांगायचं होतं.
पण येत होते दोनच शब्द.
'मादलोबा,' म्हणालो.
पेला पुन्हा भरला.