इंजिन बंद

पहाटे साडेतीनला झिरो माइलच्या खांबाशी
ट्रॅव्हलरवाला माणसं मोजत होता.
मी तेरावा. नाव पुकारलं असणार,
शेजारच्या डेंटिस्टनं कोपर मारलं
तेव्हा हात वर केला.

एकतीस वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत, प्रेस शॉपला.
कान तिथंच राहिले,
ग्रॅच्युइटी तेवढी घरी आणली.
सुनेनं रामदासपेठेतून मशीन घेऊन दिलं, वालाच्या दाण्याएवढं.
त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त बोलतो.
म्हणून ते डबीत, डबी खिशात.

कामठी गेली, मनसर गेलं,
देवलापारच्या अलीकडे तर्री-पोहे झाले.
कोणी काही विनोद केला,
मी तो तोंडांवरून वाचला
आणि सगळ्यांचं आटोपल्यावर हसलो, नेहमीसारखा.

गेटवर जिप्सी. पुढं गाइड बाई,
फुलवंता सलामे, खाकी शर्टाची बाही कोपरापर्यंत,
तळहातावर निळ्या शाईत गाडीचा नंबर.
मागं वळून बरंच काही बोलली.
शेवटचं तेवढं ओठांवरून लागलं:
"आता कोणी बोलाचं नाही जी."

आणि काय सांगू बावा,
बाकीचे पाचही जण माझ्या गल्लीत राहायला आले.
डेंटिस्ट बोटानं विचारू लागला,
त्याची बायको भुवयांनी,
मोठ्या लेन्सवाला पोरगा नुसताच मान हलवत राहिला.
त्यांच्या हातांत शब्दच नव्हते.
आम्ही तर जन्मभर यंत्रांच्या वरून बोललो:
दोन बोटं म्हणजे चहा,
गळ्यावर आडवा हात म्हणजे साहेब येऊन राहिला.

सातपुडा इथं उतरता उतरता दमून बसलेला.
ऐनाच्या खोडांना मगरीची पाठ,
उतारावर एक कुलू, पांढरा, उघडाबंब,
थंडीत आंघोळीला उभ्या केलेल्या पोरासारखा.

फुलवंतानं मूठ वर केली.
इनायतनं इंजिन बंद केलं,
ते मला मांड्यांतून कळलं.
तिनं कानाला बोट लावलं
आणि सगळे चेहरे एकदम उजवीकडे, टेकडीकडे.
सांबर ओरडलं असेल.
मला काय, मी आपला डावीकडे पाहून राहिलो
जिथं अकरा चितळं होती, बावीस कान,
सगळे नाल्याकडे रोखलेले.
एकीनं पुढचा पाय उचललेला, खाली ठेवायचा विसरलेली.
वर सागावर वानर,
तोंड उघडं, नजर सरळ खाली.

मी फुलवंताच्या खांद्याला हात लावला.
दोन बोटं डोळ्यांकडे, मग नाल्याकडे.
प्रेस शॉपमध्ये याचा अर्थ होता: पट्टा सटकतो आहे, बघ.

तिनं बघितलं.
गवत वाकलं, उन्हाचा एक तुकडा चालू लागला,
त्यावर काळे ओरखडे,
आणि शेपटीचं टोक,
घंटा वाजवून सोडलेल्या दोरीसारखं.
तीन सेकंद. चार नाहीत.

बाकीचे अजून टेकडीवर सांबर शोधत होते.
तिनं माझ्याकडे पाहून भुवई उचलली:
सांगू?
आणि मी, लाज वाटते लिहायला,
मान आडवी हलवली.

ती हसली का ते नक्की सांगता येणार नाही,
लगेच पुढं वळली.

परतीच्या वाटेत डेंटिस्टचे ओठ
पैशांविषयी बोलत होते, बराच वेळ.
लेन्सवाल्यानं मोराचे दीडशे फोटो दाखवले.
मी प्रत्येकाला मान डोलावली,
तेवढं देणं लागत होतो.

रात्री घरी येऊन मशीन कानात घातलं.
पंखा बोलला, कुकर बोलला,
चौकातला कोणाचा तरी हॉर्न थेट डोक्यात घुसला.
सून स्वयंपाकघरातून म्हणाली,
"दिसला का, बाबा?"

स्वच्छ ऐकू आलं. एकेक अक्षर.
मी म्हटलं,
"काय म्हणतेस?"