सक्शन

मला बोलावलं होतं फक्त एसी बंद करायला.
रुवीच्या त्या हॉलचा रिमोट हरवून वर्ष झालं;
पॅनेल उघडावं लागतं, आणि चावी माझ्या जुडग्यात.
शुक्रवार, सकाळचे नऊ, बाहेर आत्ताच एकेचाळीस.
आत सहा मुलं, भिंतीला टेकून त्यांचे आईबाप,
मधोमध कंटेनरमधून आलेला शिसवी ऑर्गन
आणि मिरजेच्या शरयू आठल्ये,
वय चौऱ्याहत्तर, पायांत पांढरे मोजे.

"थांबा हो, लगेच बंद नको.
मुलांनो, हे वरचं खोकं कुठल्या सुरात गातंय?"

मुलं छताकडे बघत राहिली.
मीही.
एकोणीस वर्षं पाना-पक्कड घेऊन
या खोक्यांच्या पोटात शिरतोय,
त्यांना सूर असतो हे कुणी बोललं नव्हतं.
माझी इरा, सगळ्यात मागे, पुटपुटली,
"काळी चार. पण जरा उतरलेली."
"उतरलेलीच. म्हणून घालवायचं त्याला.
उतरलेल्याच्या शेजारी फार वेळ बसलं
की आपलं बरोबर असलेलं चढं वाटायला लागतं."

मी चावी फिरवली.
खालच्या बेकरीत खुबूस थापटत होते, तेवढं ऐकू आलं.

पहिला तास कुणाला पट्टीला हात लावू दिला नाही.
नुसते पाय. डावा, उजवा, डावा.
एक वडील घड्याळ बघत शेजाऱ्याला म्हणाले,
पंचवीस रियाल, आणि सायकलच चालवतायत.
बाईंना ते ऐकू गेलं असावं.
त्या आल्विनच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत राहिल्या.
(हा पोरगा चर्चमध्ये वाजवतो, बोटं तयार आहेत.)
"तुझा तिथला ऑर्गन एका जागी उभा असतो, लोक त्याच्यामागून गातात.
हा नटाच्या मागे धावतो.
नट श्वास घ्यायला विसरला
तर तो तू घ्यायचा. त्याच्या नकळत."

मग इरा बसली आणि सूर हिसके द्यायला लागला.
"पाय भांडतायत तुझे."
मला वाटलं, आमच्या घरातलं हिला कसं कळलं.
पण बाईंनी ऑर्गनला कान लावला,
कपाळाला आठी. "नाही, पोरीचं चुकत नाहीये.
हा कुठूनतरी पितोय. कुणाला वाऱ्याचं कळतं का इथे?"

मी गुडघ्यावर बसलो.
मागची फळी काढली, गाल भात्याजवळ नेला,
ओल्या बोटाने कडा चाचपत गेलो.
खालच्या कोपऱ्यात गार बारीक ओढ.
"पेटी वारा बाहेर फेकते," बाई वरून सांगत होत्या,
"हा आत ओढतो. ओढून घेताना गातो."
"सक्शन," मी म्हणालो.
"काय?"
"सक्शन लाइन, बाई. गळती आली की
आमच्यातही तीच आधी बघतात."
त्या हसल्या, कवळी सावरत.
"मग तुम्ही अर्धे शिकलेलेच आहात. चिकटवा."
खिशात डक्टची चंदेरी टेप होतीच.
एवढ्या जुन्या शिसवाच्या आत ती कशी दिसते
ते मी कुणाला दाखवलं नाही.

इराने पुन्हा एकच पट्टी दाबली.
सूर उभा राहिला. हलला नाही.
हॉल तापत गेला, कागदांचे पंखे झाले,
घड्याळवाल्या वडिलांच्या शर्टाला नकाशे आले,
पण एसीचं नाव कुणी काढलं नाही.
सोहम नावाचा चिमखडा एवढंच म्हणाला,
"आजी, तुमचे मोजे भिजले."
"भिजू देत. कोरड्या पायांनी कुणी शिकलंय का?"

एक वाजता मी पॅनेल उघडलं.
खोकं घरघरलं, स्थिरावलं,
आणि सहाही मुलं छताकडे बोट करून ओरडली,
"काळी चार! उतरलेली!"

आज अल खुवैरच्या एका गच्चीवर आहे.
बारा कॉम्प्रेसर, दोन रांगांत.
एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.
कूलिंग ठीक, गॅस ठीक, अँपिअर ठीक.
बाकीचं लिहायला जॉबकार्डात रकाना नाही.