चेंडू अजून पिशवीत

डलूथला नोव्हेंबरात पाचलाच मिट्ट काळोख.
सरोवरावरून वारा येतो
तो थेट हाडांची चौकशी करत.
ल्यूथरन चर्चमागच्या हॉलमध्ये हीटर खोकतो
आणि आम्ही नऊ बायका
(सगळ्यात धाकटी थाओ, सत्तेचाळीसची)
कोट न काढताच गोल धरतो.

मार्लिस नाही आज.
म्हणजे आहे, बाकावर,
नवा खुबा, पुढ्यात वॉकर.
पण मोजणार कोण?
"तू मोज," मला म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, जरा मीठ दे इकडे.

मी घसा खाकरला
आणि तोंडातून निघालं
एक, दोन, तीन, चार.

ठरवलं नव्हतं, खरंच.
वीस वर्षं या गावात मी गोळ्या मोजल्या,
परक्या मनगटांवरचे ठोके मोजले,
सगळं त्यांच्याच भाषेत.
पण दोन्ही हात डोक्यावर गेले
आणि विट्याच्या शाळेचं तांबडं मैदान,
धनवडे सरांची शिट्टी,
पाच, सहा, सात, आठ,
मग उलट, आठ, सात, सहा, पाच.
"जाताना मोजता,
येताना काय तुमचा बाप मोजणार?"

मुलांना सर व्हॉलीबॉल द्यायचे.
आम्हा मुलींना कवायत.
चेंडू हद्दीबाहेर गेला की आणून द्यायचा,
फेकायचा नाही,
चालत जाऊन हातात द्यायचा.
अंग तापवून तापवून
आम्ही तशाच वर्गात परत.

हात वर करा.
आमच्यात हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं;
इथे बरगड्यांच्या फटीत थोडी हवा शिरते.
बोटं मोडा. कुणाच्या नावाने नाही.
बरं, एकदा विमा कंपनीच्या नावाने.
डावा गुडघा टेका.
उजवा माझा टेकत नाही,
डॉक्टरीणबाईंपुढेही नाही.

डेलोरेसच्या पोटरीत गोळा आला.
आमच्याकडे गोळा, त्यांच्याकडे घोडा,
कळ तेवढीच.
थाओने तिच्या पायाचा अंगठा धरला
आणि मागे ओढत राहिली,
हट्टी दारासारखा.

आता त्याही मोजू लागल्यात.
आठचा आट झाला, पाचचा पाश.
सहा मात्र सगळ्यांना आवडला,
सहा म्हणताना श्वास सोडता येतो.
बाकावर मार्लिस नुसती मनगटं फिरवतेय,
ओठ हलवत,
आणि सातवर दरवेळी चुकतेय.

कोट उतरले. काचांवर वाफ.
कुणीतरी पिशवीची गाठ सोडली
आणि पहिलाच चेंडू घरंगळला
पांढऱ्या रेघेपलीकडे, भिंतीशी.
मी निघाले. सवयीने. चालत.
उचलला,
आणून द्यायला वळले
तर समोर जाळी,
जाळीपलीकडे चौघी गुडघे वाकवून,
माझ्याकडेच बघत.

"तिथूनच," मार्लिस ओरडली,
"तिथूनच तर करतात सर्व्हिस!"

खांदा कुरकुरला.
पहिली जाळीत गेली.